मापाची बाई

सोमवार, ६ जानेवारी

पडद्यामागे स्टुलावर बसून लिहिते आहे. मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, कारण या खोलीतले नमुने बाहेर फुटता कामा नयेत. मग रिकाम्या हातांना ही वही. माझं कामच असं आहे की अर्धा दिवस उभं राहायचं आणि अर्धा दिवस वाट बघायची.

कपड्यांच्या या कारखान्यात मी मिडियम आहे. हजेरीपटावर काही वेगळा हुद्दा असेल, पण सगळे मला मिडियमच म्हणतात. नवा शर्ट बेतला, नवा कोट बेतला, की पहिला नमुना माझ्या अंगावर चढतो. मास्तर टाचण्या लावतात, खडूनं खुणा करतात, कागदी पॅटर्न सुधारतात. मग त्या मापानं गठ्ठेच्या गठ्ठे शिवले जातात. ज्या बायकांची आणि माझी उभ्या जन्मात गाठ पडणार नाही, त्यांच्या शर्टाचे मुंढे माझ्या खांद्यांवर ठरतात. गर्व वाटावा असं काम आहे. पाय मात्र गर्वानं दुखायचे थांबत नाहीत.

दर सोमवारी मास्तर माझं माप घेतात. मी आहे तेवढीच आहे ना, याची खात्री. आजही घेतलं. छाती, कंबर, सीट.

"आहे तेच," मास्तर म्हणाले आणि नोंद केली.

मला टेप कमरेला जरा आवळल्यासारखी वाटली. टेप जुनी झाली आहे. आखडली असेल.

बुधवार, १५ जानेवारी

आज कॅन्टीनमधली सभा चांगली झाली. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यातल्या लांब टेबलाशी बोलते. मला कुणी नेमलेलं नाही. इस्त्रीवर काम करणारी एक बाई पाचव्या बाळंतपणात अंथरुणाला खिळली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात जो जाळ झाला तो अजून विझलेला नाही. मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको, हे जिच्या पोटात वाढणार तिनं ठरवायचं. एवढंच मी सांगते. पण एवढंच सांगायला घसा कोरडा पडेपर्यंत बोलावं लागतं. बायका मला पुढारीण म्हणतात. थट्टेनं म्हणतात की मानानं, हे मी विचारत नाही.

आज काजवाली मध्येच म्हणाली, "पुढारीण, त्या गोळ्यांनी मला फुगल्यासारखं होतंय. अंगठी बोटातून निघेना."

ही काज करायच्या मशिनवर बसते म्हणून काजवाली. दोन पोरं, धाकटं अजून रांगतंय. गोळ्या सुरू करायला मीच तिच्या मागे लागले होते. मी म्हणाले, "अगं, गोळीनं वजन वाढत नाही, जिभेनं वाढतं."

टेबल हसून हसून लोळलं. कुणीतरी तिच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणालं, "बघ, पुरावा." काजवालीही हसली. डबा तिनं झाकून ठेवला, अर्धा तसाच होता.

या विषयावर हाताला लागेल ते मी वाचलेलं आहे. जाडी पुस्तकं वाचली, दवाखान्यातली पत्रकंही वाचली. भीती ही बायकांच्या दाराला घातलेली सर्वांत जुनी कडी आहे. लठ्ठ व्हाल, कुरूप व्हाल, पुन्हा मूल होणार नाही. प्रत्येक वेळी नवी भीती, पण कडी तीच. ती दिसेल तिथे मोडायची. आज एक मोडली.

सोमवार, २७ जानेवारी

मास्तरांची नजर अधू होत चालली आहे. टेप माझ्या कमरेभोवती घेतात, टोक डोळ्यांशी नेतात, थोडा वेळ थांबतात आणि मग तोच जुना आकडा सांगतात. आज मी स्वतः खाली मान घालून पाहिलं. आकडा तो नव्हता. म्हणजे मला तरी तो दिसला नाही.

बोलणार होते. मग वाटलं, म्हाताऱ्या माणसाला त्याचे डोळे गेले हे तोंडावर कशाला सांगा. झाकली मूठ.

घरी गेल्या आठवड्यात वेगळीच तऱ्हा. स्कर्टचा हूक लागेना म्हणून मी श्वास रोखून उभी, आणि नवरा दारातून म्हणतो, "जरा भरलीस. चांगली दिसतेस."

दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बाईसाहेब, माझी चूक काय ते कळलं तर पुढच्या वेळी तीच करीन, उगाच नवी कशाला?" हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर उभी राहिले. उतरले. चपला काढून पुन्हा उभी राहिले. चपलांचा दोष नव्हता.

धाकट्याच्या वेळी बाळंत होऊन घरी आले, तेव्हाही मी एवढी नव्हते.

तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं ते इंजेक्शन मी धाकट्याचं दूध सुटल्यापासून घेते आहे. पाळी जवळजवळ थांबली, ते डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. रोजची आठवण नको, लपवालपवी नको. माझ्यासारखीला बरं. कॅन्टीनमध्ये मी स्वतःचंच उदाहरण देते: बघा, मी घेते, माझं काय वाकडं झालं?

इंजेक्शनमुळे नसेल. वय वाढतंय. संध्याकाळी पोरांच्या ताटात उरलेलं मी संपवते, तेही आहेच. घराण्यात आत्या जाड होती. कारण शोधायला बसलं की कारणांना तोटा नसतो. आणि समजा असलं इंजेक्शनमुळे, तरी ते मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्याच हातानं विरोधकांच्या हातात काठी देऊ? इथे मॅनेजरबाईंना कळलं तर मिडियम बदलायला त्यांना एक दिवस लागायचा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उद्यापासून जेवण अर्धं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काकडी. पाणी. काकडी.

पोरगी म्हणाली, "आई, तू आजारी आहेस का शिक्षा झालीये?"

गुरुवार, २० फेब्रुवारी

नमुन्याचा लांब कोट अंगावर होता, पाठीला टाचण्यांची रांग. मास्तर गुडघ्यांवर बसून घेर आखत होते आणि मला समोरची भिंत तिरकी दिसायला लागली. मी कोसळले नाही. टाचण्या टोचतील या धाकानंच उभी राहिले असेन. मास्तरांनी कोट उतरवला, स्टूल सरकवलं, स्वतःच्या खिशातला बिस्किटांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

"नको मास्तर."

"खा. तुझं कौतुक म्हणून देत नाहीये. तू पडलीस तर कोट फाटेल."

मी दोन खाल्ली. ते खडूला टोक काढत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, माझी सगळी हयात बेतण्यात गेली. कपडा अंगाला बेततात. अंग कपड्याला बेतायला निघालेलं मी पाहिलंय, पण त्यातून धड कपडा निघालेला कधी पाहिला नाही."

म्हाताऱ्यांना काहीही बोललं की सुविचार झाला असं वाटतं.

घरी नवरा काहीतरी सांगायला बसला होता. "मी परवा दवाखान्यात गेलो होतो..." इथवर आला. त्याचा कंबरेचा जुना त्रास. मी म्हणाले, उद्या सांग, आज माझ्यात ऐकायची ताकद नाही. तो बरं म्हणाला आणि भांडी घासायला उठला.

बुधवार, १२ मार्च

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायलाही अंगात काहीतरी लागतं.

भूक मारून वजन हलत नाही, माणूसच हलका होतो. चिडचिड होते. काल पोराच्या पाठीत एक धपाटा घातला, त्यानं पाणी सांडलं म्हणून. पाणीच होतं.

कॅन्टीनमध्ये मी बोलते, पण आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. काजवाली हल्ली बुधवारी येत नाही. आज नळाशी भेटली. तोंडावर पाणी मारत होती, चेहरा खडूसारखा. मशिनच्या तेलाचा वास सहन होत नाही म्हणाली. तिच्या जिवाला लागलंय ते मला कळतं. तो विनोद. नाकावर राग घेऊन फिरते आहे, तेलाचं निमित्त. जाताना थांबून तिनं विचारलं,

"पुढारीण, तुझं ते इंजेक्शन कसं चाललंय?"

"मस्त," मी म्हणाले. "काही म्हणजे काही त्रास नाही."

तिनं मला खालून वर पाहिलं. माप घेतल्यासारखं.

"बरंय मग," म्हणाली आणि गेली.

मी खोटं बोलले. पण ते कामासाठी बोलले. एक बाई कचरली की तिच्यामागे दहा कचरतात. सेनापतीनं आपली जखम सैन्याला दाखवायची नसते, असं कुठेतरी वाचलं होतं. ज्यानं लिहिलं तो सेनापती पुढे जिंकला की हरला, ते आठवत नाही.

गुरुवार, २७ मार्च

आज आभाळ फाटलं.

हिवाळ्यात नमुना पास झालेला शर्ट शिवून, घड्या घालून गेला होता. त्यातला मिडियमचा सगळा माल परत आला. कंबरेत ढगळ, छातीत ढगळ. ज्यांच्या दुकानांसाठी शिवला त्यांनी लिहिलंय की तुमचा मिडियम आमच्या मिडियमपेक्षा मोठा आहे.

मॅनेजरबाई आमच्या खोलीत आल्या. हातात परत आलेला शर्ट. मास्तर उभे, मी उभी. बाईंनी मापांच्या नोंदी मागवल्या, पानं उलटली. दर सोमवारी तेच आकडे. म्हणाल्या, "हिचं माप तर बदललेलं नाही. म्हणजे पॅटर्न चुकला." त्यांनी कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चार पावलांवर मी उभी होते, त्याच शर्टाचा नमुना जिच्या अंगावर बेतला ती बाई, आणि त्यांनी कागदाकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्हाला दिसतं ना नीट?"

"वय झालं, बाई," मास्तर म्हणाले. "चूक माझी."

महिनाअखेर त्यांनी घरी बसावं असं ठरलं. म्हणजे सोमवारी. बाई शर्ट टेबलावर टाकून गेल्या.

मी एक शब्द बोलले नाही. कॅन्टीनमध्ये ज्या तोंडाला खीळ बसत नाही, ते तोंड.

शुक्रवार, २८ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना गाठलं. ते सुईत दोरा ओवत होते. एका फटक्यात ओवला.

मी त्या सुईकडे बघत राहिले. ते हसले. "काय बघतेस? डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या."

"मग दर सोमवारी..."

"दर सोमवारी मला नीट दिसत होतं. मागच्या पावसाळ्यापासून दिसतंय. थोडं थोडं वाढत होतीस. म्हटलं, थांबेल. बेतताना शिवणीत चोरून घेईन, तेवढी कला आहे हातात. नाही जमलं. अंग शिवणीत चोरता येत नाही."

"मला सांगायचंत मास्तर."

"सांगितलं असतं तर तू ते इंजेक्शन बंद केलं असतंस. नोकरीसाठी. हो की नाही?"

मी टेबलावरच्या टाचण्या गोळा करायला लागले.

"तू कॅन्टीनमध्ये बोलतेस ते इथं ऐकू येतं. खिडकी समोरच आहे. माझी बायको सातव्या खेपेला गेली. तेव्हा आमच्या घराशेजारी अशी ओरडणारी कुणी नव्हती." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "शिवाय नवी मिडियम आली की तिला सरळ उभं राहायला शिकवायचं म्हणजे वर्ष जातं. हा माझा स्वार्थ."

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. माझ्या खोट्याला या माणसानं स्वतःच्या डोळ्यांचं आवरण घातलं होतं, आणि मी त्याला आंधळा समजून त्याची कीव करत होते.

शनिवार, २९ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेले. इंजेक्शनची पुढची तारीख जवळच आली आहे. त्यांनी वजन केलं, मागचे कागद काढले, दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीपासून?"

"वर्ष होईल."

"आणि तुम्ही आज येताय? दर वेळी नर्सनं विचारलं असेल ना, काही त्रास आहे का?"

"विचारलं. मी नाही म्हटलं. वजनही करू दिलं नाही, घाई आहे म्हटलं."

"का?"

मी कॅन्टीनचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग चष्मा काढला.

"या इंजेक्शनवर काही बायकांचं वजन खरंच वाढतं. सगळ्यांचं नाही. कित्येकींचं जागचं हलत नाही. पण ज्यांचं पहिल्या काही महिन्यांत वाढायला लागतं, त्यांचं पुढेही वाढत राहण्याची शक्यता जास्त. तुमच्या बाबतीत इंजेक्शनचाच सगळा वाटा आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण आहे असं धरून चालू. यात लपवण्यासारखं काय आहे? पत्रकावर छापलेलं आहे."

पत्रक मी वाचलेलं होतं. ती ओळही वाचली असणार. आपल्याला नको असलेली ओळ डोळ्यांसमोरून जाते आणि आत शिरत नाही.

"आणि गोळ्यांनी?" मी विचारलं.

"गोळ्यांनी बहुतेकींच्या वजनात फारसा फरक पडत नाही. सुरुवातीला कुणाकुणाला अंगात पाणी धरल्यासारखं होतं, फुगल्यासारखं वाटतं. बहुतेकदा ते ओसरतं. नाही ओसरलं तर गोळी बदलता येते. पण तिनं येऊन सांगितलं पाहिजे. कोण आहे, तुमची कुणी?"

"कामावरची."

"पाठवून द्या."

मग माझ्याबद्दल बोलल्या. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेता येईल, तिच्यात हार्मोन नसतात. पाळी जास्त जाण्याचा त्रास काहींना होतो, तोही आत्ताच ऐकून ठेवा म्हणाल्या. एक सोडून दुसरं धरायचं तर मध्ये रिकामं ठेवायचं नाही. वजन लगेच उतरेल अशी आशा धरू नका, आणि ती काकडी बंद करा.

दारात म्हणाल्या, "उपाय चांगला आहे म्हणून तुमचं वजन खोटं ठरत नाही. आणि तुमचं वजन वाढलं म्हणून उपाय वाईट ठरत नाही. तुमच्यासारख्या बोलणाऱ्या बाईला ही दोन वाक्यं एका दमात म्हणता यायला हवीत."

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मी तेव्हा दवाखान्यात गेलो होतो ना, ते कंबरेसाठी नव्हतं. पुरुषाच्या ऑपरेशनचं विचारायला गेलो होतो."

मी बघतच राहिले.

"नुसतं विचारलंय हां. घाबरू नकोस. म्हणजे, मीच घाबरलोय. पण विचारून आलोय."

बाईचं शरीर बाईचं, हे मी इतक्या मोठ्यांदा म्हणत आले की त्या शरीरावरचा भार मात्र आणखी कुणाच्या खांद्यावर टाकता येतो, हे माझ्याच घरात मला ऐकू आलं नाही. फेब्रुवारीपासून तो माणूस हे वाक्य तोंडात धरून भांडी घासत होता.

तूर्त मी तांबी बसवून घेणार. त्याचं तो ठरवेल. घाई नाही म्हटलं. "घाई आहेच," तो म्हणाला, पण आवाज सुटका झाल्यासारखा सैल झाला.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी मापाची वेळ. मास्तरांचा शेवटचा दिवस. त्यांनी टेप उचलली. मी म्हणाले, "थांबा, बाईंना बोलावते."

मॅनेजरबाई आल्या. मी म्हणाले, "बाई, माप तुम्ही घ्या." त्यांना कळेना. मी टेप त्यांच्या हातात दिली आणि हात वर करून उभी राहिले. त्यांनी घेतलं. आकडा मोठ्यानं वाचला, मग पुन्हा हळू वाचला.

"मास्तरांचे डोळे ठीक आहेत," मी म्हणाले. "माझं अंग वाढलंय. पॅटर्न माझ्या अंगावर बरोबर बेतलाय, मीच मिडियम राहिले नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

"आणि नोंदी?"

"नोंदी मी खोट्या केल्या," मास्तर म्हणाले. "तेवढं माझं."

बाईंनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं, जसं कुणी एकाच घरातल्या दोन वात्रट पोरांकडे बघावं. कशामुळे वाढलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या टेप गुंडाळत राहिल्या, पुरती गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुठलं इंजेक्शन?" मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

निर्णय असा: मास्तरांना ताकीद, पण ते राहणार. मी उद्यापासून तपासणीच्या टेबलावर, शिवलेल्या मालातले सुटे दोरे कापायला. पगार उतरणार. पडद्यामागचं स्टूल सुटलं. हात दाखवून अवलक्षण, असं आई म्हणाली असती.

मास्तर एवढंच म्हणाले, "आता निदान बसून काम आहे."

बुधवार, २ एप्रिल

काजवालीच्या मशिनपाशी गेले. आता आम्ही एकाच हॉलमध्ये आहोत. म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावलंय. गोळी बदलून मिळते. आणि माझंही वजन वाढलंय. इंजेक्शनमुळे असावं. तुला मी खोटं सांगितलं."

तिनं मशिन थांबवलं नाही. एक काज पूर्ण केलं, दोरा तोडला.

"दिसत होतं की," ती म्हणाली. "आंधळ्यालाही दिसलं असतं. सगळ्या बायकांना माहीत आहे. तू सांगायची वाट बघत होतो."

"मग जा ना डॉक्टरीणबाईंकडे."

"आता कशाला? गोळ्या मी जानेवारीतच सोडल्या. त्या बुधवारनंतर."

मशिनच्या आवाजात मला वाटलं नीट ऐकलं नाही. नीटच ऐकलं होतं. तो खडूसारखा चेहरा, नळ, तेलाचा वास, झाकून ठेवलेला डबा. सगळं माझ्यासमोर घडलं होतं, आणि दोन बाळंतपणं झालेल्या मला ती रुसली आहे एवढंच दिसलं होतं.

"दुसरा महिना संपत आला," ती म्हणाली.

"अगं, मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. सगळ्या हसल्या."

मी तोंड उघडलं. ती लगेच म्हणाली, "भाषण नको, पुढारीण. खरंच नको. ठेवायचं की नाही ते मी ठरवतेय. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू विचारलंस."

"दवाखान्यात तरी सोबत येऊ?"

"बघू," तिनं पुढचा शर्ट मशिनखाली सरकवला. "येशील तर गप्प बसून येशील का?"

शुक्रवार, ४ एप्रिल

तिच्यासोबत गेले. बाहेर बाकावर बसले. ती आत पाऊण तास होती. बाहेर आल्यावर तिनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बसस्टॉपवर म्हणाली, "डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. घाई नको म्हणाल्या, पण फार उशीरही नको." मग बस आली.

गोळी बहुतेकींचं वजन वाढवत नाही, हे मी म्हणाले होते ते फारसं चूक नव्हतं. याचाच मला सर्वांत जास्त त्रास होतो आहे. मुद्दा बरोबर होता, आणि त्या मुद्द्याखाली ही बाई चिरडली. चुकीचं बोलले असते तर माफी मागणं सोपं गेलं असतं.

बुधवार, ९ एप्रिल

आज कॅन्टीनमध्ये जायचं नाही असं ठरवलं होतं. इस्त्रीवाल्या बायकांनी दंडाला धरून नेलं. टेबल भरलेलं होतं. टोकाला काजवाली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्याजवळ सुरुवातीचं वाक्य नव्हतं.

म्हणाले, "माझं वजन साडेसहा किलो वाढलंय. इंजेक्शनमुळे असावं. मी ते तुमच्यापासून लपवलं. कुणी त्रास सांगितला तर मी थट्टा केली. आता मी तांबी बसवून घेणार आहे. मूल कधी हवं ते आपण ठरवायचं, हे मी आजही म्हणते. पण अंगात काय होतंय, ते सांगायलाही जागा हवी."

कटिंगवरची थोराड बाई म्हणाली, "साडेसहा? एवढंच? आणि इतकं तोंड पाडून बसलीस?"

हशा उठला. काजवाली हसली नाही.

मग एक म्हणाली, तिचं इंजेक्शनवर काहीच वाढलं नाही, पण महिनाभर डाग पडत राहिले. दुसरी म्हणाली, तांबीनं तिची पाळी फार जायला लागली आणि नवरा म्हणतो नाटकं करते. एकीनं कधीच काही घेतलेलं नाही, तिनं खालच्या आवाजात विचारलं की घेतलं नाही तर काय काय होतं, हेही सांगायचं का. सगळ्या एकदम बोलत होत्या, एकमेकींना थांबवत, "अगं ऐक तर" म्हणत. काहींचं ऐकीव होतं, काहींचं चूक होतं, मला ते कळत होतं. दुरुस्त करायला जीभ शिवशिवली. डॉक्टरीणबाईंना पुढच्या बुधवारी इथंच यायला सांगावं असं मनात आलं. तेही मी मनातच ठेवलं.

"मला काहीतरी सांगायचंय," काजवाली म्हणाली.

टेबल हळूहळू शांत झालं. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि गोळ्यांपासून सुरुवात केली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. कुणी उठलं नाही. ती बोलत राहिली, आणि शेवटपर्यंत मी मध्ये बोलले नाही.